दार न उघडता आत बघा

सोमवार, ३ फेब्रुवारी

स्क्रीन घेतली. पावती हिला दाखवली तेव्हा ही म्हणाली, "एवढ्यात आली? स्वस्त पडली की." पावतीवरचा आकडा हा नुसता मुलामा. खरी किंमत अशी: चिपला तारा जोडायला जे पाय असतात, त्यांतले नऊ एकट्या स्क्रीनने खाल्ले. ती बसवायला मशीनच्या दाराची काच गेली. पाय कमी पडले म्हणून ट्रेच्या टोकाला असलेला बारका स्विच गेला. माझी दुपारची डुलकी गेली, कारण मी आडवा व्हायचो त्या खोलीत आता जावईबापू लॅपटॉप मांडून बसतात, आणि जावयासमोर घोरायचं म्हणजे पंचाईत. घरात बनियनवर हिंडणं बंद झालं ते वेगळंच.

नव्या वहीचं पहिलं पान आहे, तर रीतसर लिहावं. धंदा: अंडी उबवायची मशीनं. कपाटाएवढं एक मशीन. आत हीटर, पंखा, पाण्याचं भांडं आणि अंड्यांचा ट्रे. ट्रे तासाला एकदा या कुशीवर कलतो, पुढच्या तासाला त्या कुशीवर. कोंबडी चोचीने अंडी फिरवते ना, तसंच. अंडं फिरलं नाही तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. मशीनमधलं बाकी सगळं या एका गोष्टीच्या भोवती.

माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं पंखे दुरुस्त करताना झालं. मशीन बिघडलं की मी आधी कान लावतो, मग पाना. आजवर स्क्रीनवाचून काही अडलं नव्हतं. पण पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखानदाराने लावली, आणि आता गिऱ्हाईक आधी स्क्रीनवर बोट ठेवतं आणि मग विचारतं, हे मशीन कशाचं आहे. कानामागून आली आणि तिखट झाली.

जावईबापू मोठ्या कंपनीत असतात. लिफ्टच्या, कॉफीच्या यंत्राच्या स्क्रीन तेच लिहितात. सध्या दोघं आमच्याकडे आलेत, त्यांची लांब सुट्टी आहे. किती लांब, ते मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, चहा गार होतोय."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

'आर्द्रता' या शब्दाने दिवस खाल्ला. स्क्रीनवर तो तीन ठिकाणी सांडला. आधी 'आर', मग एक लंगडा 'द', मग लांब कुठेतरी 'रता'.

"मामा, या छोट्या चिपला जोडाक्षरं जोडता येत नाहीत," जावईबापू म्हणाले. "फोनमध्ये त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. इथे तेवढी जागा नाही."

"मग?"

"प्रत्येक शब्दाचं चित्र काढून ठेवायचं. चिपला वाटतं ती चित्र दाखवतेय, माणसाला वाटतं तो वाचतोय."

मला हे फार आवडलं. पण प्रत्येक चित्र चिपच्या आठवणीत जागा अडवतं, म्हणून शब्द पाचच घ्यायचे ठरले. तापमान, आर्द्रता, ट्रे, दार, पाणी घाला. माझे सासरे असेच होते. पाच शब्दांत आयुष्य काढलं आणि त्यातला एक 'बरं' होता.

कारखान्यातला वेल्डर म्हणाला, "मालक, पाणी घाला याला जोडाक्षर नाही. तेवढंच ठेवा, काम भागतं."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

स्क्रीनवरचं काही बदललं की ती थरथरायची. कारण असं की दर वेळी सगळी पाटी नव्याने रंगवायला लागली की चिप दमते. आता बदललं असेल तेवढाच तुकडा पुसायचा आणि तेवढाच रंगवायचा. थरथर गेली.

ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "घर झाडताना मी हेच करते, तुम्ही त्याला आळस म्हणता."

दुसरी अडचण माझ्या बोटाची. माझं एक बोट म्हणजे त्यांची दोन बटणं. जावईबापूंनी माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला, मोजला, आणि सांगितलं की यापेक्षा लहान बटण कुठेच ठेवणार नाही. इतक्या वर्षांत माझा अंगठा कुणी एवढ्या आदराने मोजला नव्हता. जावई मिळवला तर असा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ट्रेचं चित्र तयार झालं. अंड्यांच्या रांगा, गोल गोल, आणि वेळ झाली की सगळा ट्रे डौलात डावीकडे कलतो. पण रंग राखाडी. बाकी सगळं हिरवंगार, आणि मधे हा ट्रे राखेत लोळल्यासारखा.

"हा असा मेल्यासारखा का?" मी विचारलं.

"मुद्दाम ठेवलाय, मामा. टोकाचा स्विच काढला ना आपण. ट्रे टोकाला पोचला की तो टक करून सांगायचा. आता स्क्रीनला एवढंच ठाऊक असतं की मोटरला हुकूम गेला. ट्रे खरंच कलला का, ते..."

"हुकूम गेला की काम होतं. निदान माझ्या कारखान्यात."

मागे वेल्डर खोकला. त्याला फाटकाचा गंज घासायला सांगून आठवडा झालाय.

"खाली 'अंदाज' असं लिहिणार होतो," जावईबापू म्हणाले, "पण त्या शब्दाच्या चित्राला जागा उरली नाही. म्हणून रंगातच..."

मी त्यांना समजावलं. स्क्रीन तुम्हाला कळते, गिऱ्हाईक मला कळतं. राखाडी दिसलं की ते विचारणार, हे बंद का. आणि एकदा 'बंद' हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाला की मशीन विकलं जात नाही. हिरवा करा.

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

केला हिरवा. अर्धा तास नुसता बघत बसलो. रात्रीच्या जेवणाला हिला सांगितलं, किती समजूतदार माणूस आहे बघ. ही म्हणाली, "ते 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात तेव्हा तुम्हाला बरं वाटतं?" म्हटलं, न वाटायला काय झालं? हिने ताटं उचलली. हिचं कधी कधी मला कळत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जाहिरातीचं पत्रक छापून आलं. वर माझीच ओळ: 'दार न उघडता आत बघा.' काच गेली तिचं असं सोनं केलं.

दाराचीही सोय छान झाली आहे. उघडण्याआधी 'दार' दाबायचं. ट्रे आपोआप आडवा होतो, मग हिरवी खूण येते, मग उघडायचं. म्हणजे अंडी सांडायला नकोत. ही कल्पना जावईबापूंची. पत्रकात मी ती माझी म्हणून घातली आहे, घरातच राहते.

रविवार, २ मार्च

अंडीवाल्या ताई मशीन बघायला आल्या. पूर्वी टपाल कचेरीत होत्या. आता कोंबड्या पाळतात. त्यांच्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत, मानेवर तांबूस, पायांवर नखांपर्यंत पिसं, मोजे घातल्यासारख्या. ताईंच्या वडिलांनी त्यांचा वंश राखला, नंतर ताईंनी. अशा कोंबड्या दुसरीकडे कुठे उरल्या नाहीत म्हणतात. आता सगळ्या म्हाताऱ्या झाल्या. ताईंना वाटतं हा मोसम त्यांचा अखेरचा. यापुढे अंडी नाहीत. म्हणजे आता जी अंडी आहेत त्यांतून पिल्लं निघाली तर वंश राहिला, नाहीतर संपला.

आधी सगळं अंड्यांवर बसणाऱ्या खुडूक कोंबडीवर चालायचं. पण खुडूक बसणारी आता एकच आहे आणि तिच्या पोटाखाली मावतात किती.

मी म्हटलं, "ताई, खुडूक कोंबडीची नोकरी आजपासून गेली. ती मूठभर अंड्यांवर बसणार, वर मनात आलं तर रुसून उठणार. हे मशीन रुसत नाही."

"मशीनवाले, कोंबडी रुसली की मला दिसतं," ताई म्हणाल्या. "हे रुसलं तर?"

"स्क्रीनवर दिसेल."

जावईबापू तिथेच उभे होते. पाण्याचा ग्लास घेऊन आत निघून गेले. त्यांना ऊन सोसत नसावं.

ताईंनी दारावरून हात फिरवला. "काच होती ना इथे? शेजारणीकडच्या तुमच्या मशीनला आहे."

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि हो म्हणाल्या. ओळ लिहावी तर अशी.

रविवार, ९ मार्च

मशीन ताईंकडे पोचवलं. उभं मावेना म्हणून टेम्पोत आडवं घातलं. रस्ता असा की दाढा वाजल्या. वेल्डर मागे मशीनला मिठी मारून बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "बायकोला एवढं धरलं असतं तर माहेरी गेली नसती."

ताईंनी अंडी टोपल्यांतून आणली, कापडात गुंडाळून. एकेक हातात घेऊन ट्रेमध्ये ठेवत होत्या. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या, तुमचे हात गार आहेत." ट्रे शहाण्णवांचा, तो भरला आणि एक अंडं उरलं. ताईंनी चिंधीचं वेटोळं करून ते ट्रेच्या कडेच्या पट्टीवर ठेवलं.

"ताई, ट्रे कलला की ते घरंगळणार."

"घरंगळलं तर ऑम्लेट. टोपलीत एकटं कुठे ठेवू त्याला."

चालू केलं. तास भरला तशी आतून मोटर सुरू झाली. दाराला कान लावला. आजवर माझ्या कुठल्याच मशीनचा इतका हलका आवाज ऐकला नाही. मोटरला काही ओझंच नसल्यासारखा. नवं ग्रीस चांगलंच मानवलेलं दिसतं. वेल्डरला म्हटलं, कान लाव, हे लोणी आहे. तो म्हणाला, मला नुसता पंखा ऐकू येतो. प्रत्येकाला कान असतातच असं नाही. मला आवाजाने फसवणारं यंत्र अजून जन्माला यायचंय.

स्क्रीनवर ट्रे हिरवा, डावीकडे कललेला. ताई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. निघालो तरी बघतच होत्या.

गुरुवार, १३ मार्च

ताईंना फोन. सगळं हिरवं.

रविवार, १६ मार्च

आठवडा झाला म्हणून अंडी दिव्यासमोर धरून बघायला ताईंकडे गेलो. कोठीच्या खोलीत अंधार करून बॅटरीवर एकेक अंडं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे ठिपका, आणि तो ठिपका उडतोय. ताई प्रत्येक अंड्याला "हं" म्हणत होत्या. फोल फार थोडी निघाली.

निघताना त्यांनी जे सांगितलं ते मी येताना गाडीत स्वतःशी घोकत आलो. म्हणाल्या, "मशीनवाले, किती हळुवार हो तुमचं मशीन. कडेवर ठेवलेलं ते अंडं, मी रोज पाणी घालायला दार उघडते, ते ठेवल्या जागेवरून तसूभर हललेलं नाही."

ते घरंगळणार असं मीच सांगितलं होतं. म्हणजे मशीन माझ्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. लिहिताना काहीतरी खटकतंय, काय ते हाती लागत नाही. बहुधा आनंदच असावा, सवय नाही. पत्रकाच्या पुढच्या छपाईत ही गोष्ट घालायची.

गुरुवार, २० मार्च

सकाळी ताईंचा फोन. "या," एवढंच.

त्यांनी एकटीनेच पुन्हा अंडी बघायला घेतली होती. कोठीत बादली होती. पहिलं अंडं त्यांनी बॅटरीवर धरलं. आत रक्ताचं कडं, बाकी काही नाही. दुसरं तसंच. तिसऱ्यात काळी सावली होती. ताईंनी अंडं हळूच फिरवलं, आतली सावली हलली नाही. एका बाजूला चिकटून बसली होती. मेलेलं अंडं त्या बादलीत टाकत नव्हत्या, हात आत घालून तळाला ठेवत होत्या.

मी मोजायला लागलो तर म्हणाल्या, "मोजू नका."

मी सगळं तपासलं. माझा स्वतःचा तापमापक आत घालून बघितला, बरोबर. पाणी बरोबर. पंखा बरोबर. स्क्रीनवर ट्रे हिरवा, तास भरला तसा माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे कलला. मोटरचा आवाज तोच, लोणी. मला काही कळेना. ताईंना म्हटलं, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, "काळजी मी करतेच आहे, तुम्ही दुसरं काहीतरी करा."

शुक्रवार, २१ मार्च

काय झालं असेल? कोंबडा म्हातारा आहे, पण मग आठवड्याला शिरा कशा दिसल्या? वीज जाऊन आली असेल, पण स्क्रीन तसं म्हणत नाही. पाणी खारं असेल, पण वाफेला कसला खारटपणा. ताई दार फार वेळा उघडत असतील. मी मग काल रात्री असंही ठरवलं की अंडीच मुळात कमजोर. सकाळी ते मलाच पटलं नाही.

जावईबापूंना विचारलं, "स्क्रीनवर सगळं हिरवं आहे ना?"

"स्क्रीनवर हिरवं आहे, मामा."

"मग झालं तर."

"मामा, मी एकदा तिकडे जाऊन..."

"तुम्ही कशाला उन्हातान्हात. सुट्टीवर आहात."

आत मुलीने भांडं आपटलं. ही म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"कुठलं कोंबडं? ताईंचं? ते तर उघड्यावरच असतं."

हिने माझ्या ताटात मीठ वाढलं. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे असं वाटतं, आणि सगळे मला मीठ वाढतात.

रविवार, २३ मार्च

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ताईंच्या मशीनचं काही कळलं?" मला तिचा सूर झोंबला. मी म्हटलं, मशीनला काही झालेलं नाही. उगाच मशीनकडे बोट दाखवू नका. ताईंनी स्वतः सर्टिफिकेट दिलंय. ट्रेच्या कडेवर नुसतं चिंधीवर ठेवलेलं अंडं, आणि ते तसूभर हललं नाही, इतकं हळुवार चालतं ते.

जावईबापूंचा घास हातातच राहिला.

"कडेवर? खाचेत नाही?"

"कडेवर. उघडं."

"आणि ते हललं नाही."

"तसूभर नाही."

"मामा," ते अगदी हळू म्हणाले, "ट्रे पंचेचाळीस अंशांत कलतो."

मी तोंड उघडलं. पंचेचाळीस अंश मीच ठरवलेत, माझ्याच हाताने कोन मोजून. तितक्या उतारावर अंडं सोडा, वीटसुद्धा थांबणार नाही. गेल्या रविवारी जे खटकत होतं ते हे होतं.

कुणीच पुढे जेवलं नाही. गाडी त्यांनी चालवली.

ताईंकडे पोचल्यावर जावईबापूंनी 'दार' दाबलं नाही. सरळ दार ओढलं. ट्रे आडवा होता. वेळेनुसार तो उजवीकडे कललेला असायला हवा होता. त्यांनी बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि मोटरला हुकूम दिला. मोटर फिरली. मोटरची दांडी फिरली. दांडी आणि ट्रे यांना जोडणारा स्क्रू तळाच्या पत्र्यावर पडला होता. टेम्पोत आडवं घातलं तेव्हाच निघाला असणार. म्हणजे अंडी ठेवली त्या दिवसापासून ट्रे एकदाही कलला नव्हता. आणि ताई 'दार' दाबून उघडायच्या तेव्हा तो आडवाच असायला हवा होता, म्हणून आडवाच दिसला. उघडं असताना संशय यायला जागाच नव्हती. बंद असताना बघायला काच नव्हती.

स्क्रीनवर त्याच वेळी हिरवा ट्रे डौलात डावीकडे कलत होता.

ताईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग ट्रेकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. माझ्याकडे बघितलं नाही.

"पण आवाज तर..." मी म्हटलं.

"मोटर फिरतच होती, मामा. तुम्ही बरोबर ऐकलंत."

त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं. एखाद्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्क्रू पान्याने आवळला. ट्रे कलला, कडेवरचं अंडं घरंगळलं, ताईंनी ते पदरात झेललं. मग विचारलं, "आता यातली किती वाचतील?"

तोंडाशी आलं होतं, 'बघाच ताई, सगळी.' हे मी आयुष्यभर म्हणत आलोय. "माहीत नाही," मी म्हटलं. गिऱ्हाइकासमोर हे दोन शब्द मी पहिल्यांदाच काढले. वाटलं होतं तेवढे जड नाहीत, पण त्यांच्यानंतर दुसरं काही बोलता येत नाही.

मंगळवार, २५ मार्च

मुलीला विचारलं, जावईबापूंना ठाऊक होतं तर बोलले का नाहीत.

"त्यांना सुट्टी नाहीये, बाबा. कंपनीने काढलंय. दिवाणखान्यात तुमच्या सोफ्यावर बसून, तुमच्या ताटात जेवून, तुम्हाला 'नाही' कसं म्हणायचं त्यांनी?"

"एकदा तरी म्हणायचं."

"म्हणाले की. राखाडी रंगात म्हणाले. तुम्ही तो हिरवा करायला लावलात."

माणसं तोंडाने बोलतात, फार तर डोळ्यांनी. रंगाने बोलणारा माणूस माझ्या आयुष्यात पहिलाच. आणि नोकरी गेली हे मला कुणी सांगितलं नाही. हिला ठाऊक होतं. वेल्डरलासुद्धा. ही म्हणाली, "तुमचे कान फार तीक्ष्ण आहेत ना, वाटलं ऐकलं असेल."

गुरुवार, २७ मार्च

ट्रेचा स्विच परत बसवला. त्यासाठी एक पाय स्क्रीनकडून सोडवून घेतला, तिचा उजेड कमीजास्त करायचा. आता उजेड एकच राहील.

"हे आधी सुचलं नाही का?" मी विचारलं.

"सुचलं होतं. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकासमोर उजेड मंद होताना छान दिसतो."

हो, म्हणालो होतो. पंखा दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाला मी कधी विचारलं नव्हतं की पाती फिरताना छान दिसतात का.

नवी पद्धत अशी. हुकूम गेला की ट्रे राखाडी. टोकाला पोचून स्विच टक झाला की हिरवा. ठरल्या वेळात टक झालं नाही तर लाल, आणि मोठा आवाज. मी सुचवलं की लाल एकदम अंगावर येतो, गिऱ्हाईक घाबरेल, आधी नारिंगी करून बघू.

"नाही, मामा," जावईबापू म्हणाले.

स्वयंपाकघरात ही काहीतरी चिरत होती, ती थांबली. मीही थांबलो. मग म्हटलं, बरं. सासऱ्यांचा शब्द कामी आला.

दाराला काचही बसवणार आहोत, स्क्रीनच्या वर, हातभर लांब. वेल्डरने पत्रा कापायला घेतलाय. पत्रकं उरली आहेत त्यांच्या मागच्या बाजूला हिशेब लिहायचे.

सोमवार, ३१ मार्च

काल पहाटेपासून कवचं फुटायला लागली असं ताईंनी कळवलं. आज दुपारी आम्ही दोघं गेलो, मी आणि जावईबापू. रस्त्यात त्यांनी विचारलं, मामा, घाबरलात? म्हटलं, हो. ते म्हणाले, मीपण.

मशीनमध्ये कडेवरचं धरून सत्त्याण्णव ठेवली होती. अकरा निघाली. शेवटचं एक आमच्यासमोर निघालं, डोकं बाहेर काढून बराच वेळ तसंच पडून राहिलं, मग उरलेलं कवच लाथेने झटकलं. ओलं, काळपट, पण पायांवर नखांपर्यंत पिसं. ताईंनी त्याला तळहातावर घेतलं आणि "हं" म्हणाल्या. उरलेल्या अंड्यांबद्दल मी काही बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "आज नको."

एवढ्यावर वंश चालेल का, मी विचारलं. अकरांत कोंबडे किती आणि कोंबड्या किती ते अजून महिनाभर कळणार नाही. ताई म्हणाल्या, अकरा नाहीत, अठरा आहेत, आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

कोपऱ्यात पेंढ्याची टोपली होती आणि टोपलीत ती खुडूक कोंबडी. आमच्याकडे बघून तिने अंग फुगवलं. पिसांखालून एक डोकं बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. मशीन भरायच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी तिच्याखाली सात अंडी सरकवली होती. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

सातच्या सात निघाली.